लर्चर, व्हिपेट व टेरियर : कामाच्या कुत्र्यांची पारख

बैल घेतांना आपण खांदा, खूर व दांत पाहतों, गाय घेतांना कास पाहतों; कुत्रा मात्र कोणाच्या दारीं पिल्लें झालीं म्हणजे त्यांतील एक उचलून आणतों. कुत्र्याकडून नेमकें कोणतें काम घ्यावयाचें हें आधीं ठरवून त्या धोरणानें त्याची पैदास करण्याची रीत इंग्लंडांत फार दिवसांपासून आहे. तेथील शेतकरी, मेंढपाळ व खाणकामगार यांनीं ससे, उंदीर व कोल्हे यांच्या बंदोबस्तासाठीं जे कुत्रे वाढविले, त्यांपैकीं तीन तऱ्हांची तुलना येथें करावयाची आहे. तो देश दूरचा असला तरी पारखण्याची पद्धति आपल्याही उपयोगाची आहे.

प्रथम शत्रूची ओळख करून घेणें जरूर आहे. मराठींत आपण ज्यास सरसकट ससा म्हणतों ते वस्तुतः दोन निराळे प्राणी आहेत. आपल्या माळावर दिसतो तो रानससा. तो बीळ खणीत नाहीं. गवताच्या आडोशास उघड्यावरच बसतो आणि प्रसंग पडला म्हणजे पायांवर भिस्त ठेवून पळतो. इंग्लंडांत हा आहेच. शिवाय रॅबिट नांवाचा दुसरा, लहान चणीचा ससा आहे. नॉर्मन लोकांनीं तो बाराव्या शतकाच्या सुमारास मांसाकरितां व कातड्याकरितां त्या बेटांत आणला, व पुढें मोकाट होऊन तो पिकांचा वैरी झाला. हा समुदायानें बिळांत राहतो, कुंपणाच्या कडेपासून कोवळा गहू खात आंत सरकतो, आणि चाहूल लागतांच बिळांत नाहींसा होतो. उघड्यावर पळणारा, बिळांत दडणारा आणि दोहोंच्या मधल्या काठावर सांपडणारा अशा तीन प्रकारच्या सावजांसाठीं तीन प्रकारचे कुत्रे लागले, हें ध्यानांत ठेवलें म्हणजे पुढील भेद सहज उलगडतात.

तिघांत व्हिपेट ओळखण्यास सर्वांत सोपा. नराची उंची खांद्यापाशीं सुमारें १८ ते २० इंच, छाती खोल, पोट आंत ओढलेलें, पाठ किंचित् कमानदार व पाय लांब. ज्यांनीं उदगीरकडील करवानी अथवा मुधोळचा कुत्रा पाहिला असेल, त्यांनीं त्याच घडणीचा पण पुष्कळ ठेंगणा कुत्रा डोळ्यांपुढें आणावा. एकोणिसाव्या शतकांत उत्तर इंग्लंडांतील खाणकामगारांनीं तो नांवारूपास आणला. ग्रेहाउंड पोसणें मजुरास परवडण्यासारखें नव्हतें. व्हिपेट थोड्या अन्नावर राही, घरांत चुलीजवळ निजे, आणि सुटीच्या दिवशीं शर्यतींत पैसेही मिळवून देई. मालकानें दुसऱ्या टोकाला उभें राहून फडकें हलवावयाचें आणि कुत्र्यानें सुमारें २०० वार अंतर तोडून तें धरावयाचें, अशी ती शर्यत असे.

व्हिपेटचा वेग ताशीं सुमारें ३५ मैल, आणि थांबलेल्या जागेवरून उसळी घेण्यांत त्याची बरोबरी करणारा कुत्रा विरळा. परंतु तो डोळ्यानें शिकार करतो. सावज कुंपणाआड गेलें कीं त्याचें काम बहुधा संपलें. त्याची धांव थोड्या अंतराची. एकामागून एक दोनचार वेळां सोडल्यास तो लागलाच दमतो. कातडी पातळ व अंगावर चरबी नाहीं, म्हणून थंडी त्यास सोसत नाहीं, आणि कांटेरी तारेंत शिरला तर अंग फाटून घेतो. वेगाच्या लोभाचा एक परिणाम येथें सांगण्यासारखा आहे. २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत असें आढळलें कीं, स्नायूंची वाढ आटोक्यांत ठेवणाऱ्या एका जनुकांत कांहीं व्हिपेटांच्या अंगीं बिघाड असतो. तो आईबापांपैकीं एकाकडूनच आला तर कुत्रा अधिक वेगवान होतो. दोघांकडून आला तर पिल्लूं अंगानें अवाढव्य फुगतें व त्याची सडपातळ घडण नाहींशी होते. म्हणजे नुसते जिंकणारे कुत्रे निवडून त्यांची जोडी लावणाऱ्यांनीं नकळत हा बिघाडच जपला. एकाच गुणामागें लागून पैदास करणाऱ्यानें, मग ती कुत्र्यांची असो कीं गाईंची, हें उदाहरण विसरूं नये.

लर्चर ही मुळीं जातच नव्हे. ग्रेहाउंड, व्हिपेट, डीअरहाउंड किंवा सालुकी यांपैकीं एखाद्या धांवत्या कुत्र्याचा कामकरी कुत्र्याशीं, विशेषतः मेंढ्या राखणाऱ्या कॉलीशीं किंवा बेडलिंग्टन टेरियरशीं, संकर केला म्हणजे जें निपजतें तें लर्चर. दबा धरून हिंडणें या अर्थाच्या जुन्या इंग्रजी क्रियापदावरून हें नांव पडलें, आणि त्या नांवांतच त्याचा इतिहास आहे. तेथें शिकारीचा हक्क बहुतेक ठिकाणीं जमीनदार आपल्याकडे राखून ठेवीत. ससा आपलें पीक खात आहे हें डोळ्यांनीं पाहूनही खंडकरी कुळानें हात चोळीत बसावें, अशी स्थिति होती. रात्रीच्या चोरट्या शिकारीविरुद्ध १८२८ सालीं स्वतंत्र कायदा झाला होता. अशा काळांत गरिबाला जो कुत्रा हवा होता तो दिसण्यांत ओबडधोबड, भुंकण्यांत मुका, बोलावतांच परतणारा आणि धरलेला ससा हातांत आणून देणारा असा. लर्चर नेमका तसा झाला. पुढें १८८० सालच्या ग्राउंड गेम कायद्यानें जमीन कसणाऱ्यास आपल्या ताब्यांतील शेतांतले ससे मारण्याचा, करारानेंही काढून घेतां न येणारा, हक्क मिळाला. आणि १९५४ च्या कायद्यानें तर रॅबिटांचा बंदोबस्त करणें हें कब्जेदाराचें कर्तव्यच ठरविलें. जें काम चोरून करावें लागे, त्याचीच सक्ति होण्यास पाऊणशें वर्षेंही लागलीं नाहींत!

लर्चरचें खरें मोल त्याच्या बुद्धींत आहे. फेरेट नांवाचें मुंगसाएवढें पाळीव जनावर बिळांत सोडून ससे बाहेर काढण्याची तिकडे पद्धति आहे. बिळांच्या तोंडांवर जाळीं पसरण्यापूर्वीं लर्चर एकेका तोंडाशीं नाक नेतो. आंत ससा असेल तेथें स्तब्ध उभा राहतो, नसेल तेथून पुढें जातो. नंतर जाळें चुकवून निसटलेला ससा तो धरतो. हीं दोन कामें एकट्या व्हिपेटकडूनही होतात, पण नाकाची समज व धन्याच्या इशाऱ्याकडे लक्ष हे गुण कॉलीच्या रक्तामुळें लर्चरांत अधिक उतरतात. वेग थोडा कमी, कातडी थोडी जाड, दम अधिक.

आतां त्याचा दोष. संकरित बियाण्याच्या दुसऱ्या पिढीचें पीक जसें एकसारखें येत नाहीं, तसेंच लर्चरचें आहे. ग्रेहाउंड व कॉली यांच्या पहिल्या संकराचीं पिल्लें बरींचशीं एका वळणाचीं होतात. पण लर्चरास लर्चर लावला तर एक पिल्लूं ग्रेहाउंडसारखें धांवरें व मठ्ठ, दुसरें कॉलीसारखें हुशार व संथ, असेंही घडतें. म्हणून अनुभवी लोक कांहीं पिढ्यांनंतर पुन्हां शुद्ध रक्ताकडे वळतात. लर्चर म्हणून विकावयास आलेल्या कुत्र्याचे आईबाप कोण व ते काय काम करीत होते, हें न विचारतां पैसे देणें म्हणजे बिनखुणेच्या पोत्यांतलें बियाणें घेणेंच होय.

टेरियरची गोष्ट अगदीं निराळी. फ्रेंच भाषेंत बिळाला जो शब्द आहे त्यावरूनच त्याला हें नांव मिळालें. त्याचें काम जमिनीखालीं, म्हणून छातीचा घेर हें त्याचें पहिलें लक्षण. पुढच्या पायांच्या मागें दोन्ही हातांचे पंजे छातीभोंवतीं धरून पाहण्याची तेथें रीत आहे. बोटें व अंगठे जुळले तरच कुत्रा कोल्ह्याच्या बिळांत शिरेल असें समजतात. डेव्हन परगण्यांतील पाद्री जॉन रसेल (१७९५–१८८३) यानें विद्यार्थिदशेंत १८१९ च्या सुमारास घेतलेल्या ट्रंप नांवाच्या कुत्रीपासून आपला वंश वाढविला. हल्लीं जॅक रसेल म्हणून जे कुत्रे प्रसिद्ध आहेत त्यांना याचेंच नांव आहे. लर्चरांत भुंकणें हा दोष, तर बिळांत शिरणाऱ्या टेरियरांत तो गुण. कारण आवाजावरूनच वर उभ्या असलेल्या माणसास कोठें खणावें तें कळतें. टेरियर सावज धरून झटकतो व जागच्या जागीं मारतो. तें हातांत आणून देण्याची अपेक्षा त्याजकडून करूं नये. भांडखोरपणाही त्याच्या अंगीं आहे. पण उंदरांच्या कामीं त्याच्यापुढें दुसरे दोघे फिके पडतात. व्हिपेट उंदीर मारीत नाहीं असें नाहीं. परंतु एक उंदीर मारून टाकून त्याच क्षणीं दुसऱ्याकडे वळण्याची हौस टेरियरलाच असते.

काळानें या तिघांच्या कामांत बराच फरक पाडला. १९५३ सालीं मिक्सोमॅटोसिस हा रोग ब्रिटनमध्यें शिरला आणि दोनतीन वर्षांत शेंकडा ९९ च्या आसपास रॅबिट मेले. त्यांची संख्या पुढें हळूहळू सांवरली. २००५ पासून अमलांत आलेल्या कायद्यानें इंग्लंड व वेल्समध्यें कुत्र्यांनीं कोल्हा व रानससा यांची शिकार करण्यास बंदी आहे. रॅबिट व उंदीर मात्र जमीनमालकाच्या संमतीनें मारतां येतात.

आपल्याकडे तर रानससा १९७२ च्या वन्यजीव कायद्यानें संरक्षित आहे. त्यावर कुत्रा सोडणें हा गुन्हा होय, व रानडुकराचा उपद्रव झाला तरी वनखात्याच्या परवानगीवांचून कांहीं करतां येत नाहीं. तेव्हां व्हिपेट वा लर्चर येथें आणून त्यांच्या पायांचा उपयोग काय? धांवता कुत्रा हवाच असेल तर आपला करवानी उन्हाला व माळाला सरावलेला आहे. आमच्या मतें शेतकऱ्याच्या कामाचा गुण टेरियरचा, आणि त्यासाठीं शहरांतून महागडें पिल्लूं आणण्याचीही गरज नाहीं. गांवांत एखादी तरी कुत्री अशी असते कीं, गंजी हलूं लागली म्हणजे न बोलावतां येऊन उभी राहते. तिचीं पिल्लें पाहावीं. गवताखालीं दोरी हलवून जें पिल्लूं पुन्हां पुन्हां झडप घालतें व आवाजानें दचकत नाहीं तें ठेवावें, आणि बापही तशाच कुत्र्यांतला निवडावा.

बांधावर घुशींचीं बिळें असतील तर आदल्या सायंकाळीं तोंडें बुजवावीं. सकाळीं जेथें ताजी माती वर आलेली दिसेल तेथेंच घूस आहे. एका तोंडानें पाणी सोडून बाकीच्या तोंडांशीं कुत्रा व काठी घेऊन उभें राहावें. ज्या शेतांत झिंक फॉस्फाइडचें आमिष घातलें असेल तेथें कुत्रा मुळींच नेऊं नये. विष खाल्लेला उंदीर खाऊन कुत्रा मरतो. उंदरांच्या मुतापासून लेप्टोस्पायरोसिस हा रोग कुत्र्यास व माणसासही होतो, म्हणून कुत्र्यास त्याची व पिसाळीची लस दरवर्षीं टोंचून घ्यावी, आणि मेलेले उंदीर उघड्या हातानें न उचलतां खोल पुरावे.