फवारणीचे मिश्रण : बागेची निगा आणि माणसाची काळजी

बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांचे अर्थकारण नीरा आणि भीमा या नद्यांच्या पाण्यावर उभे आहे. कालव्याच्या पाण्यावर येथे ऊस बहरला. पाणी बेताचे असलेल्या भागात ठिबक सिंचनाच्या आधाराने द्राक्ष व डाळिंबाच्या बागा उभ्या राहिल्या. इंदापूर तालुक्यातील बोरी परिसराची द्राक्षे आज दूरदूरच्या बाजारपेठांत जातात. बागा वाढल्या तशा फवारण्याही वाढल्या. रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात शेतीचा विषय कशासाठी, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर एवढेच की, फवारणीच्या टाकीपाशी झालेल्या चुकीचा शेवट पुष्कळदा रुग्णालयाच्या अपघात विभागात होतो.

सन २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कापसावरील फवारणीच्या वेळी शेकडो शेतकरी व शेतमजुरांना विषबाधा झाली आणि वीसहून अधिक जणांना प्राण गमवावे लागले. डोक्याइतके वाढलेले पीक, दमट उष्मा, संरक्षक साधनांचा अभाव आणि शिफारस नसलेली औषधे एकत्र करण्याची पद्धत ही त्यामागील कारणे म्हणून पुढे आली. आपल्या भागातील पिके निराळी असली तरी यांतील बहुतेक कारणे येथेही आढळतात. म्हणून त्या दुर्घटनेपासून आपण बोध घेणे अगत्याचे आहे.

मिश्रण का केले जाते?

ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षवेलीला कोवळी फूट येते. त्याच सुमारास पाऊस आला की केवडा रोग बळावतो आणि फुलकिडेही कोवळ्या पानांवर येतात. पुढे कोरड्या, थंड हवेत भुरी दिसू लागते. रोगासाठी बुरशीनाशक व किडीसाठी कीटकनाशक अशा दोन फवारण्या करण्याऐवजी दोन्ही औषधे एकाच टाकीत घातल्यास मजुरी, डिझेल व वेळ वाचतो. हा हिशेब चुकीचा नाही. मात्र त्यात स्टिकर, संजीवके, विद्राव्य खते यांची भर पडत जाते आणि एका टाकीत पाच-सहा पदार्थ एकत्र येतात, तेथे धोका सुरू होतो.

कारखान्यात तयार झालेल्या संयुक्त औषधांची नोंदणीपूर्वी तपासणी झालेली असते. बांधावर केलेल्या मिश्रणाची तशी तपासणी कोणी केलेली नसते. म्हणून लेबलवर किंवा कृषी विद्यापीठाच्या शिफारशीत आधार नसेल तर दोन औषधे स्वतंत्रपणेच फवारावीत. शंका असल्यास बारामतीचे कृषी विज्ञान केंद्र किंवा मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र यांचे मार्गदर्शन घ्यावे.

कोणती औषधे एकत्र करू नयेत?

बोर्डो मिश्रण हे याचे उत्तम उदाहरण आहे. एक टक्का बोर्डोसाठी १ किलो मोरचूद, १ किलो चुना व १०० लिटर पाणी घेतात. मोरचूद व चुना यांची द्रावणे प्लास्टिकच्या निरनिराळ्या भांड्यांत करून मोरचुदाचे द्रावण ढवळत ढवळत चुन्याच्या निवळीत ओततात. लोखंडी खिळा बुडवून पाहावा. त्यावर तांबूस थर चढल्यास चुना कमी पडला असे समजावे. हे मिश्रण त्याच दिवशी वापरावे लागते. त्यातील चुन्यामुळे अनेक कीटकनाशकांचे, विशेषतः सेंद्रिय फॉस्फरस गटातील औषधांचे, विघटन होते. म्हणून बोर्डोमध्ये कीटकनाशक मिसळू नये.

विहिरीचे किंवा कूपनलिकेचे पाणी क्षारयुक्त असेल तर असेच नुकसान होते. कॅप्टान हे बुरशीनाशक ५ सामूच्या पाण्यात दिवसभर टिकते; ८ सामूच्या पाण्यात ते काही मिनिटांतच निकामी होऊ लागते. औषध लागू पडत नाही म्हणून शेतकरी मात्रा वाढवतो. खर्च वाढतो, कीड तशीच राहते आणि फवारणाऱ्याच्या अंगावर मात्र अधिक विष पडते. म्हणून पाण्याचा सामू आधी तपासून घ्यावा.

गंधक व तेलयुक्त औषधे एकत्र केल्यास किंवा थोड्या दिवसांच्या अंतराने फवारल्यास पाने व मणी करपतात. त्यांच्यामध्ये किमान दोन आठवड्यांचे अंतर ठेवावे. ट्रायझोल गटातील काही बुरशीनाशके पायरेथ्रॉइड कीटकनाशकांबरोबर आल्यास मधमाश्यांना होणारी इजा वाढते. डाळिंब फुलोऱ्यात असताना हे विसरू नये.

मिश्रण करण्याची रीत

प्रथम बाटलीतील चाचणी करावी. पारदर्शक बाटलीत फवारणीचेच १ लिटर पाणी घेऊन ठरलेल्या प्रमाणात औषधे मिसळावीत व अर्धा तास ठेवावीत. साका बसला, दही फुटल्यासारख्या गुठळ्या झाल्या, तेलाचा थर वेगळा आला किंवा बाटली गरम लागली, तर ते मिश्रण करू नये. ही बाटली पुन्हा कोणत्याही कामासाठी वापरू नये. चाचणी चांगली आली तरी मिश्रण निर्धोक ठरत नाही. औषधे एकमेकांत मिसळतात एवढेच त्यातून कळते. पिकावरील परिणामासाठी चार-दोन वेलींवर फवारून दोन-तीन दिवस वाट पाहावी.

टाकी अर्धी पाण्याने भरून ढवळणे सुरू ठेवावे. आधी पाण्यात कालवलेली भुकटी किंवा दाणेदार औषध, नंतर घट्ट प्रवाही औषध, त्यानंतर पाण्यात दुधाळ होणारे तेलकट औषध, शेवटी पाण्यात पूर्ण विरघळणारे द्रव औषध व स्टिकर घालावे. एक पदार्थ पूर्ण मिसळल्यावरच दुसरा घालावा. दोन मूळ औषधे पाण्याविना कधीही एकत्र ओतू नयेत. तयार द्रावण दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नये.

सर्वांत मोठा धोका फवारताना नसून मूळ औषध मोजताना व ओतताना असतो, कारण त्या वेळी विष पातळ झालेले नसते. तेलकट औषधातील द्रावक ते त्वचेतून आत जाण्यास मदत करतो. म्हणून रबरी हातमोजे, चष्मा, मुखपट्टी, पूर्ण बाह्यांचे कपडे व बूट ही साधने औषध मोजतानाच अंगावर हवीत. हाताने ढवळणे, तोंडाने नोझल फुंकणे, वाऱ्याच्या विरुद्ध फवारणे, फवारणीच्या मध्येच तंबाखू मळणे या सवयी सोडाव्यात. लेबलवरील रंगीत त्रिकोण पाहावा : लाल सर्वांत विषारी, त्यानंतर पिवळा, निळा व हिरवा. मिश्रण करताना त्यातील सर्वांत विषारी औषधानुसार काळजी घ्यावी.

हा नियम केवळ पंप धरणाऱ्यापुरता नाही. पाणी आणून देणारी गृहिणी, फवारणीचे कपडे धुणारी आई, रिकाम्या डब्याशी खेळणारे मूल हेही या धोक्यात सहभागी असतात. ते कपडे वेगळे धुवावेत. रिकामे डबे तीन वेळा विसळून ते पाणी टाकीतच ओतावे आणि डब्यांना भोके पाडावीत.

विषबाधा झाल्यास

सेंद्रिय फॉस्फरस व कार्बामेट कीटकनाशके मज्जातंतूंच्या कामातील एक आवश्यक विकर रोखतात. मग घाम, लाळ, उलटी, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणे, स्नायू फडफडणे व श्वास कोंडणे ही लक्षणे दिसतात. त्यावर ॲट्रोपीन हे औषध उपलब्ध आहे. पायरेथ्रॉइड व इतर अनेक औषधांवर मात्र असा खास उतारा नाही. म्हणूनच मिश्रणात काय काय होते हे डॉक्टरांना समजणे फार मोलाचे असते.

रुग्णाला मोकळ्या हवेत आणावे, कपडे काढावेत व साबण-पाण्याने अंग धुवावे. मदत करणाऱ्यानेही हातमोजे घालावेत. डोळे पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याने धुवावेत. उलटी करवू नये. दूध, तूप, मिठाचे पाणी पाजू नये. बेशुद्ध रुग्णास कुशीवर निजवावे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि टाकीत घातलेल्या प्रत्येक औषधाचे लेबल सोबत आणावे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा निःशुल्क क्रमांक १८०० ११६ ११७ असा आहे.

नातेवाइकांना एक कळकळीची विनंती. पहिल्या दिवशी रुग्ण बोलू लागला, चहा मागू लागला म्हणून त्यास घरी नेण्याची घाई करू नये. सेंद्रिय फॉस्फरसच्या विषबाधेत एक ते चार दिवसांच्या काळात मानेचे व श्वसनाचे स्नायू अचानक दुबळे पडू शकतात. त्या वेळी कृत्रिम श्वासोच्छ्वासाचे यंत्र जवळ असणे हाच जीवन-मरणातील फरक ठरतो.

दानशूर व्यक्तींच्या साहाय्याने रुग्णालयात ॲट्रोपीनचा साठा व श्वसनयंत्रे ठेवता येतात, आणि ती हवीतच. परंतु त्यांची गरज न पडणे हे अधिक समाधानाचे. हातमोज्यांची एक जोडी अतिदक्षता विभागातील एका दिवसाच्या तुलनेत अगदी स्वस्त असते. बाग पुढच्या छाटणीला पुन्हा फुटते. घरातील कर्ता माणूस गेला तर ते घर पुन्हा तसे उभे राहत नाही. एवढे ध्यानात ठेवून प्रत्येकाने टाकीचे झाकण उघडावे.