चेतापेशी वेळ पाळते का?

चेतापेशी विद्युत आवेगांनी निरोप पाठवते, हे आपण जीवशास्त्रात शिकतो. एक आवेग साधारण एक मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग टिकतो. मला पडलेला प्रश्न पुढचा आहे. तोच निरोप पुन्हा दिला, तर पेशी त्याच क्षणी आवेग पाठवते का? या वेळेला महत्त्व आहे. आवाज डावीकडून आला की उजवीकडून, हे ओळखताना मेंदू दोन कानांमधला एक मिलिसेकंदाहूनही लहान फरक वापरतो.

१९९५ मध्ये अमेरिकेतील सॉल्क संस्थेचे झॅकरी मेनेन आणि टेरेन्स सेज्नोव्स्की यांनी हे तपासले. उंदराच्या मेंदूच्या बाह्य थराचे काप जिवंत ठेवून त्यांनी एकाच पेशीत पुन्हा पुन्हा प्रवाह सोडला. स्थिर प्रवाह दिला तेव्हा सुरुवातीचे आवेग जुळले. पुढचे मात्र दर खेपेला मागेपुढे सरकत गेले. मग त्यांनी चढउतारांचा प्रवाह दिला, दर खेपेला हुबेहूब तोच. आता आवेगांच्या वेळेतला फरक एक मिलिसेकंदाहूनही कमी भरला!

असे का होते? पेशीपटलातील सूक्ष्म वाहिन्या काहीशा अनियमितपणे उघडतात आणि मिटतात. त्यामुळे विभव किंचित डळमळतो. तो उंबरठ्याकडे सावकाश चढत असेल, तर या डळमळीने आवेगाची वेळ बदलते आणि हा फरक पुढे साठत जातो. चढ तीव्र असेल, तर उंबरठा झटक्यात ओलांडला जातो आणि डळमळीला वाव उरत नाही.

परेडवरही असेच दिसते. 'कदम ताल' सुरू असताना ड्रम थांबवला, तर पावले हळूहळू विस्कटतात. ठोका पडला की स्क्वॉड पुन्हा जुळतो. एक फरक मात्र आहे. ड्रमचे ठोके समान अंतराने पडतात. प्रयोगातले चढउतार अनियमित होते. पेशीला ठरावीक ठेका लागत नाही, स्पष्ट चढ लागतो.

म्हणून जिवंत मेंदूत आवेगांच्या वेळा बदलत्या दिसल्या, तरी पेशीची यंत्रणाच बेभरवशाची आहे, असे लगेच म्हणता येत नाही. तिच्यापर्यंत पोचणारे निरोपच दर वेळी वेगळे असू शकतात. आवेग मोजताना पेशीला काय मिळाले, हेही पाहायला हवे.