पॉप-अपमागचा पांढरा चौकोन काढायला किती पडतात?

वहिनींचा डब्यांचा व्यवसाय आहे. तीन वर्षांपूर्वी त्यांनी एका छोट्या कंपनीकडून अ‍ॅप करून घेतलं. अ‍ॅप उघडलं की आजचा मेनू गोल कोपऱ्यांच्या पाटीवर झळकतो. पाटी देखणी आहे, पण तिच्या चारही कोपऱ्यांमागून पांढरे तुकडे डोकावतात, जणू गोल ताट चौकोनी कागदावर ठेवलंय. ‘हे पांढरं तेवढं काढा, मागचं दिसू दे,’ एवढंच वहिनींनी कळवलं. उलट टपाली कोटेशन आलं, तेही एका ओळीचं: पॉप-अपची पार्श्वभूमी पारदर्शक करणे, १०,००० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी. एकूण ११,८००.

"भावजी, तुम्ही तर म्हणता दोन ओळींचं काम आहे. मग बारा हजार कशाचे?"

प्रश्न रास्त होता. मीही आधी ‘फसवताहेत’ असंच म्हणून बसलो आणि नंतर तो शब्द मागे घेतला. दुकानाचं, क्लासचं, सोसायटीचं किंवा डब्यांचं अ‍ॅप ज्यांनी बाहेरून करून घेतलंय, त्या सगळ्यांना असं कोटेशन कधी ना कधी येतंच. म्हणून त्या एका ओळीच्या पोटात काय काय असतं ते उलगडून सांगतो.

आधी एक फुकटची तपासणी. पांढरा चौकोन अ‍ॅपमध्ये आहे की चित्रातच आहे? सणासुदीचे पॉप-अप बहुतेकदा एकच तयार चित्र असतात आणि ते चित्र जेपीईजी असतं. जेपीईजीला पारदर्शकता ठाऊकच नाही. कोपरे कितीही गोल कापा, उरलेल्या जागेत काही ना काही रंग भरावाच लागतो आणि तो बहुधा पांढरा असतो. पीएनजी आणि वेबपी या प्रकारांत जागा खरोखर रिकामी ठेवता येते. मूळ फाइल काळ्या पार्श्वभूमीवर उघडून पाहा. कोपरे पांढरे दिसले तर अ‍ॅपवाल्याला फोन करू नका, ज्याने चित्र केलं त्याला करा. कॅनव्हात पारदर्शक पार्श्वभूमीसह चित्र उतरवायची सोय पैसे भरणाऱ्यांनाच मिळते. जिम्प हे सॉफ्टवेअर मात्र फुकट आहे आणि या कामाला पुरेसं आहे. एक खबरदारी घ्या: असं चित्र व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलं की त्याचं पुन्हा जेपीईजी होतं आणि पांढरे कोपरे परत येतात. ते डॉक्युमेंट म्हणून पाठवा. वहिनींच्या अ‍ॅपमध्ये दोन पॉप-अप होते. त्यातल्या दिवाळीच्या फराळाच्या पॉप-अपचं दुखणं नेमकं हेच निघालं. खर्च शून्य.

मेनूची पाटी मात्र अ‍ॅपमध्येच बांधलेली होती. इथे पुढचा घोळ सुरू होतो, कारण ‘पारदर्शक करा’ या दोन शब्दांतून तीन वेगवेगळी कामं निघतात आणि तिन्हींचे दाम वेगळे.

पहिलं काम वहिनींचं, कोपऱ्यांतलं पांढरं घालवण्याचं. अँड्रॉइडमध्ये प्रत्येक पॉप-अपला स्वतःची एक खिडकी असते आणि त्या खिडकीला आपली अशी पार्श्वभूमी असते. आपण आत गोल कोपऱ्यांची पाटी ठेवली तरी मागची चौकोनी खिडकी तशीच राहते. त्या खिडकीचा रंग ‘ट्रान्सपरंट’ केला की काम झालं. जाणत्या माणसाला ही खरोखर एका ओळीची गोष्ट. फ्लटरमध्ये केलेलं अ‍ॅप असेल तर संवादचौकटीचा पार्श्वरंग बदलायचा, तेही तितकंच सोपं. रिअ‍ॅक्ट नेटिव्हमध्ये तर ‘ट्रान्सपरंट’ नावाचा खटकाच आहे. तो मुळात बंद असतो, म्हणून मागे पूर्ण पांढरा पडदा दिसतो.

दुसरं काम पॉप-अपभोवतीचा काळोख कमी करण्याचं. पॉप-अप आला की मागचा पडदा अंधारतो, ते मुद्दाम केलेलं असतं. त्यामुळे लक्ष पाटीवर राहतं आणि मागची बटणं सध्या चालणार नाहीत हेही कळतं. फ्लटरमध्ये हा पडदा मुळात ५४ टक्के काळा असतो. तो फिका करणं किंवा साफ काढून टाकणं हेही छोटंच काम आहे. पण काढून टाकू नका, असं माझं मत. मागची यादी आणि पुढची पाटी एकमेकांत मिसळली की माणूस भलत्याच ठिकाणी बोट ठेवतो.

तिसरं काम धुरकट काचेचं. मागचं दिसावं, पण पुसट, काचेवर वाफ साचल्यासारखं. हे दिसतं झकास आणि खिसाही तितकाच कापतं. अँड्रॉइडमध्ये खिडकीमागचा पडदा असा पुसट करायची अधिकृत सोय अँड्रॉइड १२ पासून, म्हणजे २०२१ पासून आली. त्याआधीच्या फोनवर ती नाही. नव्या फोनवरसुद्धा बॅटरी वाचवण्याची सोय चालू असली की ती बंद पडू शकते. म्हणजे काचेचं एक रूप आणि काच नसतानाचं दुसरं, अशी दोन रूपं करा, दोन्ही तपासा. डब्याच्या मेनूला ही चैन कशाला?

आयफोनची गोष्ट जरा निराळी आहे. तिथला पॉप-अप अ‍ॅपलच्या तयार सूचनापेटीचा असेल, तर तिच्या आतल्या रचनेला हात लावू नये असं अ‍ॅपलनेच सांगून ठेवलंय. तिची पार्श्वभूमी बदलायची म्हणजे तीच मोडीत काढून स्वतःची पाटी नव्याने बांधायची. अर्ध्या तासाचं काम दिवसावर जातं ते इथे. पाटी स्वतःची असेल आणि मागे काळाकुट्ट पडदा दिसत असेल, तर बहुधा ती पडदाभर दाखवायची रीत चुकलेली असते. मागचं दृश्य राखून वर पाटी ठेवायची रीत वेगळी आहे आणि ती बदलणं सोपं आहे.

आता त्या दहा हजारांकडे येऊ. वहिनींनी कंपनीकडे तासांचा हिशेब मागितला. कुरकुर न करता त्यांनी तो दिला, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं. दर तासाला ५०० रुपये. कोड एक तास. पाटीची सावली, कोपरे आणि गडद रूप (डार्क मोड) यांची जुळवणी दोन तास. निरनिराळ्या फोनवर तपासणी तीन तास. नवी आवृत्ती बांधून प्ले स्टोअरवर चढवणं दोन तास. आणि ‘अ‍ॅप चालू नियमांना आणणं’ बारा तास. बेरीज वीस तास.

म्हणजे पांढरा रंग काढायचे पाचशे आणि बाकीचे साडेनऊ हजार. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला! पण मसाला खोटा नव्हता. तीन वर्षांत वहिनींच्या अ‍ॅपला कुणी हात लावलेला नव्हता आणि गुगल प्लेचा नियम दरम्यान पुढे सरकला होता. ३१ ऑगस्ट २०२५ पासून फोनसाठीचं नवं अ‍ॅप असो की जुन्याची सुधारित आवृत्ती, ती अँड्रॉइड १५ साठी बांधलेली असावी लागते. ही पायरी साधारण दरवर्षी एकेक वर चढते. जुनं अ‍ॅप तसंच चालू ठेवायचं असेल तर काही काळ खपून जातं. पण त्यात एक अक्षर बदलून वर चढवायचं म्हटलं की आधी सगळी थकबाकी भरा. अधलेमधले बदल, जुन्या कोड-लायब्ररी, परवानग्यांच्या नव्या रीती हे सगळं त्या बारा तासांत येतं. घराच्या एका खोलीला रंग द्यायला बोलावलेल्या माणसाने ‘भिंतीला ओल आहे, आधी ती काढू’ म्हणावं, तसं हे.

माझं म्हणणं एवढंच की, हा खर्च वेगळ्या ओळीत लिहिलेला असावा. पारदर्शकतेच्या नावावर तो घालून ग्राहकाला गप्प करणं बरोबर नाही. वार्षिक देखभालीचा करार असेल, तर हे बारा तास त्यातच बसायला हवेत. करार उघडा आणि ‘स्टोअरच्या नियमांनुसार अद्ययावत ठेवणे’ असं काही त्यात लिहिलंय का ते शोधा. लिहिलेलं नसेल, तर पुढच्या वर्षी लिहून घ्या.

हिशेबातून आणखी एक गोष्ट कळते. तपासणी आणि चढवणं यांचे पाच तास दर खेपेला लागतात, मग बदल एक असो की सहा. म्हणून बारीकसारीक बदल साठवा. वहिनींच्या मनात आणखी चार होते: फोन नंबर, एक चुकलेलं स्पेलिंग, रविवारची सुट्टी आणि लोगो. ते चारही याच खेपेत बसले, कोडचे दोन तास वाढले. वेगवेगळे केले असते तर पाच तास आणखी चार वेळा मोजावे लागले असते.

कराचं थोडक्यात. सॉफ्टवेअर सेवेवर जीएसटी १८ टक्के आहे. पण एकट्याने काम करणाऱ्या डेव्हलपरची नोंदणीच नसेल, तर त्याला तो लावता येत नाही. सेवांसाठी नोंदणीची सर्वसाधारण मर्यादा वर्षाला २० लाखांची उलाढाल ही आहे. बिलावर जीएसटी क्रमांक नसेल आणि १८ टक्के मात्र असतील, तर विचारा.

स्टोअरचं शुल्क या कामात नव्याने द्यावं लागत नाही. गुगलचं खातं उघडताना एकदाच २५ डॉलर भरायचे असतात, अ‍ॅपलचे दरवर्षी ९९ डॉलर. नवी आवृत्ती चढवायला वेगळे पैसे पडत नाहीत. कोटेशनात ‘प्ले स्टोअर अपलोड चार्जेस’ असं दिसलं, तर ते गुगलचं शुल्क नाही, त्या माणसाच्या वेळेचे पैसे आहेत. वेळेचे पैसे मागायला हरकत नाही; नाव खरं लिहावं.

खरी गोम मात्र तिथेच आहे: ते खातं कुणाच्या नावावर आहे? कितीतरी छोट्या व्यावसायिकांची अ‍ॅप डेव्हलपरच्या खात्यावर असतात आणि हे कळतं तेव्हा भांडण सुरू झालेलं असतं. खातं तुमच्या ईमेलवर हवं, डेव्हलपरला त्यात फक्त प्रवेश द्यायचा. सहीची किल्ली, म्हणजे नवी आवृत्ती खऱ्या मालकाचीच आहे हे पटवणारी डिजिटल खूण, हीही तितकीच महत्त्वाची. ऑगस्ट २०२१ नंतर प्ले स्टोअरवर आलेल्या नव्या अ‍ॅपची मुख्य किल्ली गुगलकडे असते आणि चढवायची किल्ली हरवली तर खातेदाराला नवी मागता येते. त्याआधीच्या ज्या अ‍ॅपची किल्ली फक्त डेव्हलपरच्या लॅपटॉपवर होती आणि तो लॅपटॉप बिघडला, त्या अ‍ॅपची सुधारित आवृत्ती निघतच नाही. नवं अ‍ॅप काढा, ग्राहक पुन्हा गोळा करा. पांढऱ्या कोपऱ्यासाठी ही किंमत फार झाली.

आणि मूळ कोड? पैसे दिले म्हणजे कोड आपला, असं आपण धरून चालतो. १९५७ चा प्रताधिकार कायदा तसं म्हणत नाही. बाहेरच्या माणसाने कंत्राटावर लिहिलेल्या कोडचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, तो लिहिणाराच असतो. हक्क लेखी आणि सहीनिशी तुमच्याकडे यायला हवेत. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. हे नसेल तर दुसऱ्या स्वस्त डेव्हलपरकडे जायची वाटच बंद होते आणि तासाचा दर पाचशे असो की दीड हजार, तुम्हाला तो द्यावाच लागतो. अ‍ॅप व्यवसायासाठी घेतलेलं असल्याने ग्राहक आयोगाचा आधारही गृहीत धरू नका. व्यावसायिक हेतूने घेतलेली सेवा २०१९ च्या कायद्याने ‘ग्राहक’ या व्याख्येबाहेर ठेवली आहे. तेव्हा कागदावर जे असेल तेच कामाला येईल.

कागद फार मोठा लागत नाही. वहिनींनी दुसऱ्यांदा पाठवलेला ईमेल असा होता: ‘मेनूच्या पाटीमागचा पांढरा चौकोन जावा. भोवतालचा काळोख आहे तसाच राहावा. काच-परिणाम नको. सोबतच्या स्क्रीनशॉटवर लाल खूण केली आहे. उजेडाच्या आणि गडद, दोन्ही रूपांत तपासून प्रत्येकी एक स्क्रीनशॉट पाठवावा. कोड, तपासणी, स्टोअर आणि नियमपूर्ती यांचे तास वेगळे लिहावेत. तीस दिवसांत याच बदलामुळे काही बिघडले तर दुरुस्ती विनामूल्य असावी.’ सात वाक्यं. पहिल्या ईमेलमध्ये दीड होतं.

गडद रूपाची अट चैनीची नाही. पार्श्वभूमी काढली की पाटीवरची काळी अक्षरं कधीकधी थेट गडद पडद्यावर येऊन बसतात आणि नाहीशी होतात. सर्वांना वाचता यावं म्हणून जे आंतरराष्ट्रीय निकष आहेत, ते साध्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांत किमान ४.५ ला १ इतका फरक मागतात. मोजणारी साधनं इंटरनेटवर फुकट आहेत. त्याहून सोपी चाचणी म्हणजे भर दुपारी अंगणात उभं राहून आईला वाचायला द्या.

पाटी बंद करायची फुलीही पारदर्शकतेत गडप होते. चुकून झालं तर ती खोड, मुद्दाम केलं तर नियमभंग. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी डार्क पॅटर्नविषयी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात फसव्या रचनेचे १३ प्रकार दिले आहेत आणि ग्राहकाला नको त्या बटणाकडे ढकलणारी मांडणी त्यांत येते. अ‍ॅपचे मालक म्हणून तुम्हाला ग्राहक आयोगाचं दार अवघड असलं, तरी तुमच्या ग्राहकाला राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक लावायला काहीच अडचण नाही.

वहिनींनी शेवटी बावीस तासांचे ११,००० आणि १,९८० जीएसटी भरले. पहिल्या कोटेशनपेक्षा ११८० रुपये जास्तच गेले. पण त्यात पाच बदल झाले, अ‍ॅप चालू नियमांना आलं आणि प्ले स्टोअरचं खातं त्यांच्या नावावर झालं. सौदा वाईट नाही.

शेवटी वेळेचं. अ‍ॅपल बहुतेक आवृत्त्या एका दिवसात पाहून देतं. गुगल मात्र सात दिवस, क्वचित त्याहूनही जास्त लागू शकतील असं स्वतःच सांगतं. त्यात तपासणीचे दिवस धरा. दिवाळीला फराळाचा पॉप-अप नीट दिसायला हवा असेल, तर काम घटस्थापनेच्या आधी सोपवा.