अखेरची सेवा आणि एक दाखला

माझ्या सासऱ्यांनी, स्मृती आणि वाणी शाबूत असतानाच, आपला शेवट स्वतःच्या घरात व्हावा आणि आपल्या कलेवरास परक्याचा हात लागू नये, अशी इच्छा दोन्ही मुलांना व मला समोर बसवून निःसंदिग्ध शब्दांत सांगून ठेवली होती. ती तडीस नेताना आम्हांस जे सोसावे लागले ते इतरांच्या वाट्यास येऊ नये, एवढ्याच हेतूने हे लिहीत आहे.

पहाटे त्यांना देवाज्ञा झाली. दोन-तीन तासांतच देह ताठू लागतो, आणि तो ताठरपणा प्रथम जबडा व मान यांत उतरतो. सबब डोळे मिटणे, हनुवटीखालून डोक्यापर्यंत कापडाची पट्टी बांधणे, हातपाय सरळ करणे आणि साबणाच्या पाण्याने बोटातील अंगठी सोडवणे, ही कामे रडण्याआधी उरकावी लागतात. त्यांनी नेत्रदानाचा संकल्प केला होता. ते सहा तासांच्या आत व्हावे लागते, म्हणून नेत्रपेढीस कळवून आम्ही पंखा बंद केला, पापण्यांवर ओला कापूस ठेवला आणि मस्तक उशीवर उंच केले. मृताच्या डोक्याखाली उशी कशी, असा आक्षेप एका वडीलधाऱ्या आप्तांनी घेतला खरा. परंतु दोन अंधांस दृष्टी लाभत असता असल्या आक्षेपाची भीड धरू नये, हे माझे निश्चित मत आहे.

नेत्रपेढीची माणसे गेल्यावर स्नान घातले. पोटावर दाब पडला की आतील द्रव बाहेर येतो, म्हणून देह हलकेच कुशीवर वळवून पाठीखाली जुनी चादर सरकवायची, कमरेखाली धोतराची घडी ठेवायची, नाकपुड्यांत कापूस घालायचा आणि कोमट पाण्यात बुडवून पिळलेल्या पंच्याने एकेक अवयव पुसून घ्यायचा, ही रीत शेजारच्या एका वृद्ध काकूंनी दाखवली. थोरल्या मुलाने वडिलांची दाढी केली. ते स्वतः करीत तशीच, डाव्या कल्ल्यापासून आरंभ करून, गालाची कातडी अंगठ्याने ताणून धरीत. ज्या हातांनी वर्षानुवर्षे औषधपाणी केले त्याच हातांनी हे करताना शोकास जे सावरून धरणारे काम मिळते, ते सर्व सोपस्कार ठेक्याने उरकून घेणाऱ्यांना मिळत नाही.

विघ्न आले ते स्मशानाच्या दारात. नेहमीचे डॉक्टर परगावी होते. वस्तीतील दुसऱ्या एका डॉक्टरांनी नाडी पाहून साध्या कागदावर मृत्यूची वेळ तेवढी लिहून दिली होती. तेथील कारकुनाने मृत्यूच्या कारणाचा रीतसर दाखला, म्हणजे नमुना ४-अ, मागितला, आणि तो नसल्याने तिरडी भर उन्हात ओट्यावर टेकवून ठेवावी लागली. थोरल्याच्या हाती विस्तवाचे मडके. कागदपत्रांची माहिती असलेला धाकटा खांदेकरी. परगावी गेलेल्या डॉक्टरांचा ठाव लागून त्यांच्या दवाखान्यातून सहीशिक्क्याचा दाखला येईपर्यंत सारा समुदाय खोळंबून राहिला. कारकुनास दोष देणे मात्र न्यायाचे होणार नाही. त्या मागणीमुळेच एखादा संशयास्पद मृत्यू परस्पर जळून जात नाही.

तेव्हा ज्यांच्या घरी कोणी अंथरुणास खिळलेले आहे त्यांनी उपचार करणाऱ्या डॉक्टरांस वेळोवेळी घरी आणून रुग्ण दाखवीत असावे, आणि ते गावी नसल्यास त्यांच्या जागी कोण येईल हे आधीच विचारून ठेवावे. अखेरच्या आजारात ज्यांनी उपचार केले त्यांनी हा दाखला विनामूल्य द्यावा, असे १९६९ चा जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम सांगतो. पूर्वी कधीही न पाहिलेल्या रुग्णाच्या मृत्यूचे कारण लिहिण्यास कोणी वैद्य नकार देईल, तर ते योग्यच होय. कागदपत्रे अशा माणसाच्या स्वाधीन करावीत ज्याला ना अग्नी द्यायचा आहे, ना खांदा. छातीत पेसमेकर असेल तर दहनापूर्वी तो डॉक्टरांकडून काढवून घ्यावा, कारण उष्णतेने त्याचा स्फोट होतो. आणि पडणे, भाजणे, विषबाधा, सर्पदंश यांपैकी कशाचाही संबंध असेल, तर स्नानाची घाई मुळीच करू नये. देह तसाच ठेवून प्रथम पोलिसांना वर्दी द्यावी.

दहनानंतरही एक काम उरते. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत केल्यास शुल्क पडत नाही. पुढे विलंबशुल्क लागते, ३० दिवसांनंतर वरिष्ठांची लेखी परवानगी लागते, आणि वर्ष उलटल्यावर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशावाचून नोंद होत नाही. नाव आधारपत्रावर आहे त्याच अक्षरांत लिहिले आहे ना, हे तेथेच ताडून पाहावे आणि दाखल्याच्या प्रती गरजेहून काही अधिकच घ्याव्यात; बँक, निवृत्तिवेतन कार्यालय आणि तलाठी यांना प्रत्येकी एक द्यावी लागते.