दुकान बंद होते तेव्हा

आमच्या शेजारी एक काकू राहतात. पारसाल त्या वर्गात येऊन वाचायला शिकल्या. दिवाळीनंतर कपाशी विकून थोडे पैसे हाती आले. काकू तालुक्याच्या गावी बाजाराला गेल्या. तिथे एका मोठ्या दुकानावर पाटी होती : 'दुकान बंद होत आहे. सर्व माल अर्ध्या किमतीत.'

काकूंनी पाटी स्वतः वाचली. आत ही गर्दी! जो तो हाताला येईल ते उचलत होता. मीही बाजारात होतो. काकूंनी मला हाक मारली.

"गुरुजी, चहाचा पुडा पाहा. चारशेचा दोनशेला भेटते!"

मी म्हटले, "पुड्यावर काय छापले आहे, ते वाचा."

काकूंनी बोट ठेवून वाचले : 'कमाल किरकोळ किंमत 220 रुपये.' म्हणजे वाचणार होते फक्त 20 रुपये! छापील किमतीत सारे कर धरलेले असतात. तिच्यापेक्षा जास्त पैसे कोणी घेऊ शकत नाही. मग 'चारशे' आले कोठून? ते नुसते पाटीवर होते.

नंतर काकूंनी बिस्किटांचा डबा पाहिला. वापरण्याची मुदत महिन्यापूर्वीच संपली होती. तो त्यांनी खाली ठेवला.

"अन् मिक्सर घेऊ का?"

मी माझी गोष्ट सांगितली. अशाच एका दुकानातून मी पंखा घेतला होता. हमी दुकानदाराची होती. महिन्याने पंखा बंद पडला. जाऊन पाहतो तर दाराला कुलूप! कुलपाला काय विचारणार? म्हणून हमीचे कार्ड माल बनवणाऱ्या कंपनीचे आहे का, ते आधी पाहावे.

चांगली चाललेली दुकाने बंद का पडतात? 'सुभिक्षा' नावाची दुकाने 1997 साली चेन्नईत सुरू झाली. पुढे देशभर सुमारे 1600 दुकाने झाली. मुंबई-पुण्यातही होती. पसारा कर्जावर वाढला. हातातला पैसा संपला. मालाचे पैसे आणि नोकरांचे पगार थकले. 2009 साली दुकाने बंद पडली. ब्रिटनमध्ये 'वूलवर्थ्स'ची 800 हून अधिक दुकाने होती. तीही जानेवारी 2009 पर्यंत बंद झाली. शेवटी माल ठेवायच्या फळ्यासुद्धा विकल्या. सुमारे 27,000 माणसांचे काम गेले.

आमच्या त्या दुकानातही एक पोरगा माल बांधत होता. तो हळूच म्हणाला, "पुढल्या महिन्यापासून मले काम नाही, काकू." काकूंचा चेहरा उतरला. एकाचा स्वस्त बाजार, तो दुसऱ्याची भाकर जाण्याचा दिवस असतो.

काकूंनी नातवाला वह्या घेतल्या आणि एक चादर घेतली. पक्की पावती मागून घेतली. बाकीचे पैसे बियाण्यासाठी गाठीला बांधले.

ध्यानात ठेवा :
1. घरून यादी करून निघावे. नको असलेली वस्तू अर्ध्या किमतीत घेतली, तर अर्धे पैसे वाचत नाहीत; अर्धे पैसे जातात.
2. छापील किंमत, वजन आणि मुदत वाचावी.
3. पावती जपून ठेवावी. फसवणूक झाली तर 1915 या क्रमांकावर फोन करावा. जिल्हा ग्राहक आयोगाकडेही दाद मागता येते.

प्रश्न : काकूंना वाचता आले नसते, तर त्यांनी काय काय घेतले असते?