आकाश सर्वांचे आहे : ड्रोन उडविताना पाळावयाची शिस्त

बारामती-इंदापूर परिसरात ड्रोन आता नवलाचा राहिलेला नाही. उसावरील फवारणी त्याने होते, लग्नाचे व जयंतीच्या मिरवणुकीचे चित्रण त्याने होते, आणि आपले काही माजी विद्यार्थी हौस म्हणूनही तो बाळगतात. नव्या विद्येचे आपण स्वागतच केले पाहिजे. परंतु जे यंत्र दुसऱ्याच्या डोक्यावरून जाते, ते चालविणाऱ्याच्या अंगी प्रज्ञा, शील आणि करुणा हे तिन्ही गुण असावे लागतात. त्याच क्रमाने हा पाठ मांडतो.

प्रज्ञा म्हणजे प्रथम यंत्राची जाण. ड्रोनचा प्राण त्याच्या बॅटरीत असतो. उड्डाणानंतर ती तापलेली असते. थंड झाल्याशिवाय चार्जिंगला लावू नये आणि चार्जिंग चालू असता घर सोडून जाऊ नये. बरेच दिवस वापर नसेल तर ती निम्मी भरलेली ठेवावी. पूर्ण भरलेली वा पूर्ण रिकामी बॅटरी पडून राहिली की लवकर निकामी होते. आपल्याकडील उन्हाळ्यात बंद मोटारीत ती मुळीच ठेवू नये. फुगलेली बॅटरी पेट घेऊ शकते, म्हणून ती पुन्हा वापरू नये.

प्रत्येक उड्डाणापूर्वी पात्यांवरून बोट फिरवावे. चीर किंवा खाच लागली तर पाते बदलावे. चिकटवून वापरू नये. मोटार हाताने फिरवून पाहावी. खरखर जाणवली तर आत धूळ गेली आहे, असे समजावे. माती मऊ ब्रशने झाडावी व उड्डाण शक्यतो फुफाट्यातून न करता चटईवरून करावे. होकायंत्राची जुळणी पत्र्याचे शेड व वाहने यांपासून दूर करावी. परतीची उंची सभोवतालची झाडे, मनोरे व विजेच्या तारा यांहून अधिक ठेवावी, आणि बॅटरी तीस टक्क्यांवर येताच ड्रोन माघारी बोलवावा. वारा समोरून असला तर परतीला अधिक शक्ती लागते.

शील म्हणजे कोणी पाहत नसतानाही नियम पाळणे. केंद्र शासनाने २५ ऑगस्ट २०२१ रोजी ड्रोन नियम जारी केले. २ किलोपर्यंतचा ड्रोन केवळ हौसेसाठी उडविणाऱ्यास वैमानिक प्रमाणपत्र लागत नाही. मात्र यंत्राची नोंदणी करून ओळख क्रमांक घ्यावा. नकाशावरील हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत, म्हणजे सुमारे १२० मीटरपर्यंत, परवानगीविना उडविता येते. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फूट आहे; त्याहून जवळ परवानगीशिवाय उडवू नये.

बारामतीकरांसाठी हा नियम केवळ कागदावरचा नाही. येथील विमानतळावर वैमानिकांचे प्रशिक्षण चालते. २५ जुलै २०२२ रोजी इंदापूर तालुक्यातील कडबनवाडीच्या शिवारात असे एक शिकाऊ विमान कोसळले व त्यातील तरुण वैमानिक मुलगी जखमी झाली. त्या अपघाताशी ड्रोनचा संबंध नव्हता. परंतु संकटात सापडलेले विमान आपल्या शेतावर किती खाली येऊ शकते, हे त्यावरून कळते. म्हणून विमानाचा आवाज येताच ड्रोन खाली घ्यावा. सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यातील चिंकारा आणि भिगवणच्या पाणथळीतील रोहित पक्षी यांनाही या घरघरीने बिथरवू नये. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत ड्रोन गर्दीच्या माथ्यावरून न नेता बाजूने न्यावा.

आता करुणा. २०२४ मध्ये पुणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात रात्री ड्रोन फिरत असल्याच्या बातम्यांनी गावोगाव भीती पसरली. चोर टेहळणी करतात, अशी अफवा उठली. ड्रोन उडविणाऱ्याला ती गंमत वाटली असेल. परंतु इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला धुळे जिल्ह्यातील राईनपाडा आठवते. १ जुलै २०१८ रोजी, मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना तेथे जमावाने ठार मारले. इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्याने अनेक जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. कायदा १९५२ मध्ये गेला, संशय मात्र गेला नाही. गाव घाबरले की काठी प्रथम पालावरच्या माणसावर उगारली जाते. तेव्हा रात्री विनाकारण ड्रोन उडवू नये. दिवसाही उडविण्यापूर्वी शेजाऱ्यांना व पोलीस पाटलांना सांगावे आणि कोणाच्या अंगणात कॅमेरा रोखू नये.

आणि आकाशात दिवा दिसला तर? भगवान बुद्धांनी कालामांना सांगितले होते की, केवळ ऐकिवावर विश्वास ठेवू नका, स्वतः पारखून घ्या. संदेश पुढे पाठविण्याआधी तपास करावा, पोलिसांना कळवावे, आणि गावाबाहेर उतरलेल्या पालांकडे जमाव जाऊ लागला तर आपल्या शाळेच्या विद्यार्थ्याने त्याच्या आडवे उभे राहावे. या शाळेत शिकल्याची खरी खूण तीच.

जय भीम!