पंख्याचा आवाज आणि यंत्राची उष्णता
लॅपटॉपचा पंखा आज्ञावलीने नियंत्रित करण्यापूर्वी

करवीर तालुक्यातील गडमुडशिंगी हे कोल्हापूर-हुपरी मार्गावरील मोठे गाव. शेजारी उजळाईवाडीचा विमानतळ, जवळच गोकुळ शिरगावची औद्योगिक वसाहत आणि गावात ‘गोकुळ’ दूध संघाचा पशुखाद्य कारखाना. विमानाची घरघर, यंत्रांचा खडखडाट आणि उसाच्या वाहनांची वर्दळ येथील लोकांच्या अंगवळणी पडलेली आहे. अशा परिसरात लॅपटॉपच्या तळव्याएवढ्या पंख्याचा आवाज तो काय, असे कोणासही वाटेल. परंतु वर्गात पडद्यावर धडा दाखविणारे शिक्षक, ग्रामसभेचे इतिवृत्त लिहिणारे ग्रामपंचायत अधिकारी आणि सेवा केंद्रात दाखल्यांचे काम करणारा केंद्रचालक यांना हा आवाज चांगलाच परिचयाचा आहे. दुपार झाली की पंखा घोंघावू लागतो. शिक्षकांना आवाज चढवावा लागतो, ध्वनिमुद्रणात घरघर उतरते आणि काम करणाराचे चित्त विचलित होते.

या त्रासावर एक उपाय अलीकडे बराच ऐकिवात येतो. तो म्हणजे, पंख्याचा वेग आज्ञावलीच्या, म्हणजेच सॉफ्टवेअरच्या साहाय्याने आपणच ठरविणे. हा उपाय खरा आहे; पण तो कोणत्या क्रमाने व कोणत्या मर्यादेत करावयाचा, हे कळल्याशिवाय त्याला हात घालू नये. प्रस्तुत लेखाचा हेतू तेवढाच आहे.

उष्णता कोठून येते?

लॅपटॉपमधील प्रोसेसर जी वीज घेतो, तिची अखेर उष्णताच होते. नेहमीच्या पातळ लॅपटॉपमधील अनेक प्रोसेसर दीर्घकाळच्या कामासाठी सुमारे 15 वॉटचे असतात. मात्र काम एकदम वाढले की थोडा वेळ ते याच्या दुपटीहून अधिक वीज घेऊ शकतात. 15 वॉट हा आकडा लहान दिसतो. परंतु ही सर्व उष्णता बोटाच्या नखाएवढ्या जागेत निर्माण होते, हे ध्यानी घेतले म्हणजे प्रश्नाचे स्वरूप कळते.

ही उष्णता वाहून नेण्यासाठी प्रोसेसरवर तांब्याची एक चपटी नळी बसविलेली असते. तिच्या आत अत्यल्प पाणी अथवा तत्सम द्रव कमी दाबाखाली बंदिस्त असतो. तप्त टोकाला त्याची वाफ होते, दुसऱ्या टोकाला ती थंड होऊन पुन्हा द्रव बनते आणि नळीच्या आतील सच्छिद्र अस्तरातून परत येते. भाताच्या पातेल्यावरील झाकणाला आतून पाणी सुटते, त्यातलाच हा प्रकार. नळीच्या थंड टोकाला पातळ पत्र्यांची जाळी असते आणि पंखा त्या जाळीतून हवा ढकलतो.

येथे एक साधा नियम लक्षात ठेवावा. पंखा थंडी निर्माण करीत नाही. तो केवळ खोलीतील हवा फिरवितो. त्यामुळे खोलीतील हवेपेक्षा यंत्र अधिक थंड होऊ शकत नाही. हिवाळ्यात 25 अंश असणारी खोली वैशाखात 37 अंशांवर गेली, तर काम तेच आणि पंख्याचा वेग तोच असूनही प्रोसेसरचे तापमान सुमारे 12 अंशांनी वाढणारच. उन्हाळ्यात पंखा अधिक ओरडतो, तो यंत्र बिघडले म्हणूनच असे नव्हे.

इंजिनाचा गव्हर्नर आणि पंख्याचा वेग

कोल्हापूरच्या माणसाला ऑईल इंजिन नवे नाही. उसाच्या घाण्यावर भार पडला की इंजिन मंदावते, त्याबरोबर गव्हर्नर तेल वाढवितो. भार कमी झाला की तेल कमी करतो. जेम्स वॉटने 1788 मध्ये वाफेच्या इंजिनाला जोडलेला गव्हर्नर याच तत्त्वावर चालत होता. लॅपटॉपच्या पंख्याचे नियंत्रणही ह्याच जातीचे आहे. आत तापमान मोजणारे संवेदक असतात. त्यांची नोंद एक लहान नियंत्रक सतत वाचतो आणि कारखान्यात ठरवून दिलेल्या कोष्टकानुसार पंख्याचे फेरे वाढवितो वा घटवितो.

पंखा अपुरा पडला, तर यंत्राजवळ आणखी दोन उपाय असतात. पहिला, प्रोसेसरने आपला वेग आपोआप कमी करणे. अनेक प्रोसेसरांत ही मर्यादा 100 अंश सेल्सिअसच्या आसपास असते. यंत्र अशा वेळी बंद पडत नाही, पण रेंगाळते; संकेतस्थळच मंद आहे असे समजून आपण त्याला दोष देत राहतो. दुसरा उपाय शेवटचा. तापमान त्याहीपुढे गेल्यास यंत्र स्वतःला बंद करून घेते. जतन न केलेले काम त्याबरोबर जाते.

आवाजाचे गणित

पंख्याचे फेरे निम्मे केले तर त्यातून जाणारी हवा साधारणपणे निम्मी होते. आवाज मात्र सुमारे 15 डेसिबलने उतरतो. फेरे एक पंचमांशाने कमी केले तरी आवाज जवळजवळ 5 डेसिबलने घटतो आणि तो फरक कानाला सहज जाणवतो. म्हणजेच वेगात थोडीशी कपात केल्यास शांतता बरीच मिळते आणि त्या मानाने तापमान थोडेच वाढते. आज्ञावलीने पंखा नियंत्रित करण्याचे खरे समर्थन या गणितात आहे.

परंतु धोकाही येथेच आहे. आवाज कानाला ऐकू येतो, उष्णता कानाला ऐकू येत नाही. त्यामुळे माणूस आवाजाकडे पाहून वेग ठरवितो आणि उष्णता विसरतो.

प्रस्तुत लेखकाच्या हातून हीच चूक घडली आहे. एका महिला बचत गटाच्या सदस्यांची मुलाखत ध्वनिमुद्रित करावयाची होती. पंख्याची घरघर मुद्रणात येऊ नये म्हणून त्याचा वेग आज्ञावलीने एकदम खाली ठरवून ठेवला. मुलाखत उत्तम झाली. वेग पूर्ववत करावयाचे मात्र राहून गेले. दुसऱ्या दिवशी भर दुपारी त्याच मुलाखतीचे संपादन चालू असता यंत्र प्रथम मंदावले आणि थोड्या वेळाने काळोख करून बसले. मूळ मुद्रण वाचले, पण सकाळपासूनचे काम गेले. दोष यंत्राचा नव्हता. ते ओरडून सांगू पाहत होते. त्याचे तोंड आपणच बांधले होते.

आधी आच कमी करा

गुऱ्हाळघरात काहिलीतील रस उतू जाऊ लागला, तर जाणता गुळव्या काहिलीवर फुंकर घालीत बसत नाही. तो चुलवाणातील जाळ कमी करावयास सांगतो. लॅपटॉपच्या बाबतीतही पंख्याला हात घालण्यापूर्वी पुढील चार गोष्टी क्रमाने कराव्यात.

1. जागा. लॅपटॉप गादी, सतरंजी, फाइलींचा गठ्ठा किंवा मांडी यांवर ठेवू नये. हवा आत घेण्याची छिद्रे बहुधा तळाशी असतात. टणक टेबलावर ठेवून मागील कडेखाली लाकडाच्या दोन पट्ट्या दिल्या, तरी हवेला वाट मिळते. खिडकीतून येणारे ऊन यंत्रावर पडू देऊ नये.

2. धूळ. रस्त्याची धूळ आणि हंगामात पेटविलेल्या पाचटाची राख पत्र्यांच्या जाळीत साचून तिचा जणू नमदा बनतो. मग पंखा कितीही फिरला तरी हवा बाहेर पडत नाही. यंत्र बंद करून, विजेची जोडणी काढून, मऊ ब्रशने छिद्रे साफ करावीत. हवेचा झोत मारावयाचा झाल्यास पंख्याची पाती फिरू न देता मारावा, अन्यथा त्याचा बेअरिंग खराब होतो. आतील सफाई आणि प्रोसेसरवरील वाळलेला उष्णतावाहक लेप बदलणे ही कामे जाणकार तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावीत. हमीची मुदत चालू असल्यास कंपनीच्या सेवा केंद्राकडेच जावे.

3. भार. टास्क मॅनेजर उघडून कोणते काम प्रोसेसरला गुंतवून ठेवीत आहे ते पाहावे. ब्राउझरची उघडी राहिलेली वीस-पंचवीस पाने, पार्श्वभूमीवर चालणारी अद्ययावतता किंवा विषाणू-तपासणी हे पंखा वाढण्याचे नेहमीचे कारण असते.

4. वेगाची मर्यादा. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा 100 ऐवजी 99 टक्के केल्यास पुष्कळ यंत्रांत प्रोसेसरची वाढीव वेगाची उसळी थांबते. वाढत्या वेगाबरोबर विजेचा दाबही वाढवावा लागत असल्याने, वेगात थोडी कपात केली की उष्णतेत मोठी कपात होते. दाखले, पत्रव्यवहार आणि तक्ते यांच्या कामात हा फरक क्वचितच जाणवतो. तेथेच शीतनाचे धोरण निवडण्याची सोयही काही यंत्रांत असते. ‘ॲक्टिव्ह’ निवडल्यास आधी पंखा वाढतो. ‘पॅसिव्ह’ निवडल्यास आधी प्रोसेसर मंद होतो.

बहुसंख्य यंत्रे एवढ्यानेच शांत होतात.

आज्ञावलीने वेग ठरविताना

एवढे करूनही आवाज नकोसा वाटत असेल, तर प्रथम उत्पादक कंपनीने यंत्राबरोबर दिलेली आज्ञावली पाहावी. लेनोव्हो व्हँटेज, मायआसुस यांसारख्या आज्ञावल्यांत अनेक मॉडेलांसाठी ‘शांत’, ‘समतोल’ आणि ‘कार्यक्षम’ अशा स्वरूपाचे पर्याय असतात. हा मार्ग सर्वांत सुरक्षित, कारण तो यंत्राच्या मूळ नियंत्रकाशी सुसंगत असतो.

त्यापुढील पायरी स्वतंत्र आज्ञावल्यांची. स्पीडफॅन ही जुनी व प्रसिद्ध आज्ञावली मुख्यतः टेबलावरील संगणकांना उपयोगी. लॅपटॉपचे पंखे तिला बहुधा सापडत नाहीत. नोटबुक फॅनकंट्रोल ही लॅपटॉपसाठीच तयार झालेली मुक्त आज्ञावली प्रत्येक मॉडेलसाठी वेगळी मांडणी वापरते. दुसऱ्या मॉडेलची मांडणी आपल्या यंत्राला लावल्यास नियंत्रकाला चुकीचा आदेश जाऊ शकतो. लिनक्सवर थिंकफॅन आणि फॅनकंट्रोल यांचा वापर होतो. कित्येक नव्या लॅपटॉपांत तर बाहेरून पंख्याला हात लावण्याची सोयच ठेवलेली नसते.

जेथे सोय आहे तेथे कोष्टक कसे असावे, याची कल्पना येण्यासाठी पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल दिले आहेत.

50 अंशांखाली : 30 टक्के वेग
60 अंशांवर : 45 टक्के वेग
70 अंशांवर : 65 टक्के वेग
80 अंशांवर : 85 टक्के वेग
85 अंश व त्यावर : पूर्ण वेग

या कोष्टकाबाबत तीन पथ्ये पाळावीत. पहिले, वरची पायरी कधीही काढू नये. 85 अंशांनंतर पंख्याला पूर्ण मोकळीक हवीच. दुसरे, वेग वाढविण्याचे आणि उतरविण्याचे तापमान यांत चार-पाच अंशांचे अंतर ठेवावे. 70 अंशांवर वाढलेला वेग 65 अंशांवर उतरू द्यावा. नाहीतर पंखा क्षणोक्षणी चढउतार करतो, आणि सतत बदलणारा आवाज एकसुरी आवाजापेक्षा अधिक त्रास देतो. तिसरे, कोष्टक ठरविल्यानंतर किमान अर्धा तास, तोही दुपारच्या वेळी, नेहमीचे काम करून तापमान पाहावे. पहाटेच्या गारव्यात घेतलेली परीक्षा वैशाखाच्या दुपारी उपयोगी पडत नाही.

सार्वजनिक यंत्राची जबाबदारी

स्वतःच्या लॅपटॉपवर प्रयोग करणे वेगळे आणि ग्रामपंचायतीच्या किंवा शाळेच्या यंत्रावर करणे वेगळे. पंख्यापर्यंत पोहोचण्यासाठी या आज्ञावल्यांना यंत्राच्या अगदी अंतर्भागात प्रवेश द्यावा लागतो. अशा अनेक आज्ञावल्या ज्या ‘विनरिंगझिरो’ या घटकावर अवलंबून होत्या, त्यातील सुरक्षाविषयक दोष 2020 मध्ये नोंदविला गेला आणि 2025 मध्ये विंडोजच्या संरक्षक यंत्रणेने तो धोकादायक म्हणून अडविण्यास प्रारंभ केला. ज्या यंत्रावर ग्रामस्थांची कागदपत्रे व आर्थिक नोंदी हाताळल्या जातात, तेथे पंखा शांत व्हावा म्हणून संरक्षक यंत्रणा बंद करणे म्हणजे ओसरीवर झोप लागावी म्हणून घराचे दार सताड उघडे टाकण्यासारखे आहे. कार्यालयीन यंत्रावर अशी आज्ञावली वरिष्ठांच्या अनुमतीविना व तांत्रिक साहाय्यकाच्या सल्ल्याविना बसवू नये.

महाराष्ट्रातील ग्रामपंचायतींत 2011 पासून ‘संग्राम’ केंद्रांद्वारे संगणक मोठ्या प्रमाणावर आले. 24 एप्रिल 2020 रोजी ‘ई-ग्रामस्वराज’चा प्रारंभ झाल्यापासून पंचायतीचा आराखडा आणि हिशेबही त्यावर येऊ लागले. म्हणून पंचायतीचे यंत्र दुपारी एक तास बंद पडले, तर दाखल्यासाठी मजुरी बुडवून आलेल्या माणसाचा दिवस वाया जातो. त्याची नोंद कोणत्याही नोंदवहीत होत नाही.

यासाठी यंत्राशेजारी एक साधी वही ठेवावी. सफाई केल्याची तारीख, पंखा नेहमीपेक्षा अधिक वाजू लागल्याचा दिवस आणि केलेला उपाय एवढेच तीत लिहावे. शाळेत हे काम वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांकडे सोपविल्यास त्यांना उष्णतेचा धडा प्रत्यक्ष शिकावयास मिळेल. पंख्याचा आवाज हे यंत्राचे बोलणे आहे. त्याचे कारण दूर करून तो कमी झाला, तर ती खरी शांतता. कारण तसेच ठेवून तो दाबला, तर यंत्र एखाद्या ऐन गर्दीच्या दिवशी गप्प होईल, आणि त्या शांततेची किंमत दाराशी उभ्या असलेल्या ग्रामस्थाला मोजावी लागेल.